निक्सओएस घेण्याआधी

ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि विंडोज ११ ज्यांच्यावर चढत नाही असे बरेच धडधाकट संगणक लिनक्सच्या वाटेला लागले. या वाटेवर दोन सल्ले हमखास कानी पडतात. एक म्हणतो, डेबियन किंवा उबुंटू टाका आणि कामाला लागा. दुसरा म्हणतो, जुन्या पद्धतीत कशाला अडकता, थेट निक्सओएस घ्या. दुसरा सल्ला देणारे खोटं बोलत नसतात. फक्त ते ज्या संगणकाबद्दल बोलतात तो बहुधा तुमच्या टेबलावरचा नसतो. निक्सओएससारख्या डिक्लेरेटिव्ह, म्हणजे काय हवं ते फाइलमध्ये लिहून उभारायच्या प्रणालीची ताकद खरी आहे आणि किंमतही खरी आहे. ती किंमत कधी आणि कुणाला चुकवावी लागते, हे बघून निवड करावी असं माझं मत आहे.

आधी ताकद. डेबियनवर आपण एपीटीला एकेक पॅकेज टाकायला सांगतो, एखादी सेटिंग हाताने बदलतो, आणि आजचा संगणक म्हणजे या सगळ्या बदलांची गोळाबेरीज असते. ती एका जागी कुठेच लिहिलेली नसते. निक्सओएसमध्ये कोणता डेस्कटॉप, कोणती पॅकेजेस, कोणते युजर, कोणता प्रिंटर हे कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहायचं आणि रीबिल्ड करायचं. त्याबरहुकूम प्रणाली उभी राहते. प्रत्येक पॅकेज ‘निक्स स्टोअर’मध्ये स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात, नावाला हॅश जोडून बसतं, म्हणून एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकतात. दर रीबिल्डची ‘जनरेशन’ बूट मेनूत राहते. नवी बिघडली तर आदली निवडायची. एल्को डोल्स्ट्रा यांनी नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात २००३ मध्ये निक्सचं, म्हणजे निक्सओएसच्या मुळाशी असलेल्या पॅकेज मॅनेजरचं, काम सुरू केलं आणि २००६ मध्ये त्यावर पीएचडीचा प्रबंध लिहिला. ग्नू प्रकल्पाच्या गीक्सने हीच कल्पना पुढे स्कीम भाषेतून मांडली. म्हणजे हे कालपरवाचं फॅड नव्हे.

पण या रचनेत त्रास नाहीसा होत नाही, त्याची वेळ बदलते. डेबियनवर गैरसोय साचत जाते आणि एखाद्या मोठ्या अपग्रेडच्या दिवशी अंगावर येते. निक्सओएसवर ती हप्त्याहप्त्याने, आणि तीही आगाऊ भरावी लागते: दर बदलाच्या वेळी. पॅकेज निक्सच्या संग्रहात असेल तर हप्ता अगदी हलका. एक ओळ लिहिली की झालं, आणि हा संग्रह प्रचंड मोठा आहे. खरी परीक्षा संग्रहाबाहेरच्या वस्तूंची. बाहेरून आणलेला तयार प्रोग्रॅम लिनक्सच्या ठरलेल्या जागी लोडर आणि लायब्ररी शोधतो, आणि निक्सओएसवर त्या तिथे नसतातच. म्हणून पायथनच्या पिपने आणलेलं नमपाय एखादी लायब्ररी सापडत नाही म्हणून अडून बसतं, आणि कंपनीच्या साइटवरून उतरवलेली फाइल समोर असूनही सुरूच होत नाही. निक्स-एलडीसारखे उपाय आहेत आणि ते चालतातही, मात्र ते समजून घ्यावे लागतात. आपल्याकडे याची झळ जास्त लागते. प्रिंटरचा किंवा डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळालाच तर तो बहुतेक वेळा डेब किंवा आरपीएम स्वरूपात मिळतो. रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला तो स्वतः निक्समध्ये बांधत बसणं ही कुणाची हौस असू नये.

यावर ठरलेला आक्षेप असा की रोलबॅक आहे, मग भीती कशाची? रोलबॅक प्रणालीचा होतो, तुमच्या होम फोल्डरचा होत नाही. नव्या फायरफॉक्सने वापरलेलं प्रोफाइल जुना फायरफॉक्स सहजी उघडत नाही. पोस्टग्रेसचा डेटा नव्या मोठ्या आवृत्तीत नेल्यावर जुनी आवृत्ती तो वाचत नाही. बॅकअप इथेही लागतोच. शिवाय जुन्या जनरेशन जागा खातात. विंडोजने आखलेलं ईएफआय पार्टिशन अनेकदा १०० एमबीचंच असतं. ड्युअल बूट करून त्यातच कर्नल ठेवायला गेलात तर मोजक्या जनरेशनमध्ये ते भरतं आणि पुढचा रीबिल्ड अर्ध्यात थांबतो. मागे फिरण्याची सोय हवी असेल तर ती ओपनसुसेमध्ये स्नॅपरने आणि फेडोरा सिल्व्हरब्लूमध्ये अख्ख्या इमेजने मिळते; त्यासाठी निक्ससारखी नवी भाषा शिकावी लागत नाही.

सपोर्टच्या मुदतीबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. निक्सओएसची स्थिर आवृत्ती मे आणि नोव्हेंबरमध्ये येते आणि साधारण सात महिने सांभाळली जाते. डेबियनची आवृत्ती एलटीएस धरून पाच वर्षं निभावते. ज्याला संगणक वापरायचा आहे, सांभाळायचा नाही, त्याच्यासाठी हा एकच फरक पुरेसा आहे. त्यात निक्स कॉन्फिगरेशनची ‘फ्लेक्स’ ही मांडणी २०२१ पासून अधिकृत आवृत्तीत असूनही तिच्यावरचा प्रायोगिक शिक्का निघालेला नाही, आणि तरी अर्धे लेख तिच्याच पद्धतीने लिहिलेले असतात. नवख्याने कोणता नमुना उतरवायचा? आणि न समजता उतरवलेली कॉन्फिगरेशन फाइल ही डेबियनवर हाताने केलेल्या बदलांइतकीच अपारदर्शक असते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: डेबियन वर्षानुवर्षं वापरला की त्यात गाळ साचतो. खरं आहे. पण हा गाळ मुख्यतः बाहेरच्या रिपॉझिटरी जोडल्याने आणि सिस्टिमच्या पायथनमध्ये हात घातल्याने होतो. ताजे डेस्कटॉप प्रोग्रॅम फ्लॅटपॅकमधून घ्या, हाताने टाकलेल्या पॅकेजेसची यादी एपीटीकडून काढून जपून ठेवा, बदललेल्या सेटिंग फाइल गिटमध्ये ठेवा. नव्या संगणकावर घडी बसवायला एवढं बहुतेकांना पुरतं. तंतोतंत तीच प्रणाली पुन्हा उभी राहणार नाही, हे कबूल; घरी ती तशी हवी असते का?

ज्यांना ती हवी असते त्यांनी निक्सओएस जरूर घ्यावं. प्रयोगशाळेत तीस संगणक एकसारखे ठेवणारा शिक्षक, दोन-तीन मशीनवर तेच काम करणारा प्रोग्रॅमर, महिन्याला नवं काही बसवून पाहणारा हौशी, यांचा आगाऊ हप्ता वसूल होतो. गीक्सच्या वाटेने जाणाऱ्यांनी आधी वाय-फायचं कार्ड तपासावं; त्याचा अधिकृत कर्नल मुक्त नसलेलं फर्मवेअर घेत नाही आणि अनेक कार्डं त्यावाचून चालत नाहीत. डेबियनने २०२३ च्या बारा क्रमांकाच्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच दिलं आहे.

बाकीच्यांनी डेबियन टाकून त्यावर निक्स हा नुसता पॅकेज मॅनेजर बसवावा. तो आपल्या फोल्डरात राहतो, एपीटीच्या वाटेला जात नाही, आणि होम मॅनेजर वापरून स्वतःपुरत्या सेटिंग लिहून ठेवायचा सरावही होतो. ती फाइल लिहायला आवडतेय असं दिसलं तर व्हर्च्युअल मशीनमध्ये निक्सओएस चढवा आणि वॉलपेपर बदलण्याआधी तीन गोष्टी चालवून बघा: तुमचा प्रिंटर, तुमचं टोकन आणि मराठी कीबोर्ड. डेबियनवर आयबसचं एम१७एन पॅकेज टाकून सेटिंगमध्ये मराठी निवडता येतं. निक्सओएसवर आयबस नुसतं पॅकेजच्या यादीत घालून भागत नाही, इनपुट मेथडच्या पर्यायात इंजिनसकट लिहावं लागतं.