घड्याळाचा धातू आणि मोडीचा भाव

सोन्याचा दागिना विकावयास नेला की सराफ प्रथम वजन करतो, कस पाहतो, घट वजा करतो आणि त्या दिवसाच्या भावाने रक्कम सांगतो. मजुरी परत मिळत नाही, हे घरोघरी ठाऊक असते. लाखो रुपयांचे स्विस घड्याळ घेताना ग्राहक बहुधा हाच हिशेब मनाशी बाळगतो: सोन्याचे घेतले तर निदान सोने तरी हाती राहील. फेरविक्रीच्या बाजारातील अनुभव या समजुतीला बऱ्याच अंशी छेद देणारा आहे.

उंची घड्याळांचे सोन्याचे कवच साधारणपणे १८ कॅरेटचे, म्हणजे हजार भागांत ७५० भाग सोने असलेले असते. उदाहरणादाखल असे धरू, की चामडी पट्ट्याच्या एका घड्याळातील सोन्याचे वजन ५० ग्रॅम आहे. त्यात शुद्ध सोने ३७.५ ग्रॅम. हिशेबाच्या सोयीसाठी भाव ग्रॅमला १०,००० रुपये मानला, तर ते ३ लाख ७५ हजारांचे झाले. हे घड्याळ दुकानात २० लाखांना आणि त्याचेच स्टीलमधील रूप १० लाखांना मिळत असेल, तर ग्राहकाने सोन्यापायी १० लाख जादा मोजले आणि धातूच्या रूपाने त्यातील पावणेचार लाख त्याच्याजवळ राहिले. बाकीची रक्कम एक प्रकारची मजुरीच. पट्ट्याऐवजी भरीव सोन्याची साखळी असेल तर वजन वाढून हे प्रमाण सुधारते. पण मोडीचा भाव हा घड्याळाचा तळ आहे, त्याची किंमत नव्हे. ती किंमत दुसरा ग्राहक किती उत्सुक आहे, यावर ठरते.

ही उत्सुकता गेली काही दशके स्टीलकडे झुकलेली आहे. १९७२ साली ओदमार पिगे या कंपनीने जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेले 'रॉयल ओक' हे स्टीलचे घड्याळ बाजारात आणले आणि त्याची किंमत अनेक सोन्याच्या घड्याळांहून अधिक ठेवली. १९७६ मध्ये जेंटा यांचाच आराखडा घेऊन पाटेक फिलिपने 'नॉटिलस' आणले. स्टील हा स्वस्ताईचा धातू, ही समजूत या दोन घड्याळांनी मोडून काढली. रोलेक्ससारख्या कंपनीने पुढे गंज आणि आम्ल यांना अधिक दाद न देणारे '९०४ एल' जातीचे पोलाद स्वीकारले. ते घडविण्यास कठीण असते. तरीही कच्च्या मालाचा खर्च एकूण किमतीत नगण्यच. म्हणजे स्टीलच्या घड्याळाला मोडीचा भाव जवळजवळ नाहीच.

आणि तरीही पाटेक फिलिपच्या नॉटिलस ५७११ या स्टीलच्या नमुन्याचे उदाहरण पाहावे. २००६ मध्ये आलेला हा नमुना २०२१ मध्ये बंद झाला. दुकानातील त्याची किंमत साधारण ३५ हजार डॉलर. २०२२ च्या आरंभी तेच घड्याळ एक लाख डॉलरहून अधिक किमतीस हातोहात विकले जात होते. कारण साधे आहे. स्टीलचे खेळकर वळणाचे घड्याळ रोज वापरता येते, परवडणाऱ्यांची संख्या मोठी असते, आणि कंपनी उत्पादन जाणीवपूर्वक मर्यादित ठेवते. प्रतीक्षायादी लांबली की दुकानाबाहेरचा भाव आतल्या भावाच्या वर जातो. अर्थात २०२२ च्या उत्तरार्धात हे भाव बरेच उतरले, आणि चढ्या भावाने घेणाऱ्यांच्या हाती मोडीचाही आधार उरला नाही.

दुर्मिळतेचा प्रश्न याहून रंजक आहे. पाटेक फिलिपच्या '१५१८' या १९४१ मधील घड्याळाचे एकूण २८१ नग झाले. बहुतेक सोन्याचे, स्टीलचे केवळ चार ज्ञात आहेत. त्यांतील एक २०१६ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेले. यंत्र तेच, आकार तोच. धातू हलका म्हणूनच किंमत जड!

प्लॅटिनमचा धडा निराळा. मार्च २००८ मध्ये औंसाला २,००० डॉलरच्या वर गेलेला हा धातू २०१५ नंतर सोन्याहून स्वस्त झाला, तरी घडणीस अवघड असल्याने त्याची घड्याळे दुकानात सोन्याहून महागच राहिली. दिसावयास तो स्टीलसारखा; म्हणून पाटेक फिलिप प्लॅटिनमच्या घड्याळाच्या कडेला एक लहानसा हिरा बसवते, जेणेकरून जाणकारास ओळख पटावी. अशा जाणकारांची संख्या थोडी, त्यामुळे विक्रीस वेळ लागतो. सोने व स्टील मिळून केलेली दुरंगी घड्याळे बहुधा दोन्हीकडून मार खातात.

तरी सोन्याला अगदीच बाद करणे योग्य नव्हे. रोलेक्सचे 'डे-डेट' हे घड्याळ १९५६ पासून सोन्यात व प्लॅटिनममध्येच होते. स्टीलचा प्रतिस्पर्धी घरातच नसल्याने त्याची मागणी टिकून राहिली. शिवाय सोने तेजीत आले की तळच वर सरकतो. जानेवारी १९८० मध्ये सोने औंसाला ८५० डॉलरवर गेले, तेव्हा कितीतरी जुनी घड्याळे यंत्र काढून मुशीत टाकली गेली. त्यांतील काही आज हळहळ वाटावी अशी होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भावाने ४,००० डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा जुन्या भावाने घेतलेल्या भरीव घड्याळांची मोडच खरेदीकिमतीच्या जवळ जाऊ लागली.

यात मुलाम्याची घड्याळे येत नाहीत. लग्नात मिळालेले सोनेरी एचएमटी कितीही जिव्हाळ्याचे असले, तरी त्यावरील सोने मायक्रॉनमध्ये मोजावे लागते. खऱ्या स्विस सोन्यावर '७५०' हा आकडा आणि १९९५ पासून सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या मस्तकाचा शिक्का असतो. तो मागील झाकणाच्या आतही पाहून घ्यावा. वारंवार पॉलिश केलेल्या सोन्याच्या कडा झिजतात, वजन घटते आणि संग्राहकही पाठ फिरवतो.

बँकिंग व कर यांच्या दृष्टीनेही धातूला महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार सोनेतारणाचे मूल्य केवळ त्यातील सोन्याच्या आंतरिक मूल्यावर काढावयाचे असते. खडे वा अन्य खर्च त्यात धरले जात नाहीत. हे तत्त्व पाहता, घड्याळाच्या नाममुद्रेला तारण म्हणून मोल मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळाच्या विक्रीवर विक्रेत्याने एक टक्का कर गोळा करण्याची तरतूद लागू झाली. हा कर विवरणपत्रात समायोजित होतो, म्हणून पावती जपावी. वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तू आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता गणल्या जात नाहीत. मात्र दागिने या सवलतीतून वगळलेले आहेत आणि त्यांच्या व्याख्येत सोने-प्लॅटिनमचे अलंकार येतात. सोन्याचे घड्याळ वेळ पाहण्याची वस्तू की अलंकार, याविषयी विक्रीपूर्वीच करसल्लागाराचे मत घ्यावे. स्टीलच्या घड्याळाबाबत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.