गियरबॉक्स उतरवायच्या आधी

कऱ्हाड

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. तसंही या गोष्टी फोनवर सांगून डोक्यात राहत नाहीत. म्हणून लिहितोय.

तू सांगितलंस ते असं: क्लचचं पेडल तळाला जातं, रिव्हर्स टाकताना कर्रकन वाजतं, आणि दोन-तीनदा भराभर पंप मारला की गियर पडतो. एवढ्यावर तू गिऱ्हाइकाला 'प्लेट गेली' म्हणून सांगून मोकळा झालास. अरे, झिजलेली प्लेट स्लिप मारते. चढाला इंजिन बोंबलतं आणि गाडी मात्र ओढत नाही. तुझ्या गाडीत क्लच पकडतोय झकास, सुटत मात्र नाही. त्यात पंप मारल्यावर फरक पडतो म्हणजे बहुतेक वेळा दुखणं ऑइलच्या बाजूला असतं. गियरबॉक्स उतरवायची मजुरी चांगली मिळते, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर आधी खात्री करायची.

मारुती आठशेला नुसती केबल होती. तुटली की दिसायची. इथे पेडलखालचा मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल ढकलतो, ते पाइपातून आणि रबरी होजमधून गियरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरला जातं, आणि त्याचा रॉड फोर्क हलवतो. तेव्हा पहिली तपासणी रॉडची. पोराला पेडलवर बसव, स्वतः खाली जा, तो दाबत असताना रॉड किती सरकतो ते पट्टीने मोज आणि गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघ. रॉड पुरा सरकूनही गियर वाजत असेल तर फोर्क, बेअरिंग, प्रेशर प्लेट यांच्याकडे वळ. मग तुझं म्हणणं खरं. रॉड कमी सरकला तर गियरबॉक्सच्या बोल्टला पाना लावू नकोस. काही गाड्यांत स्लेव्ह बेअरिंगसकट गियरबॉक्सच्या आत असतो, तिथे रॉड दिसत नाही. तिथे बेलहाउसिंगच्या बुडाशी ओल आहे का बघ. ती ब्रेक ऑइलचीच असेल तर गियरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही.

आता गळती शोध. ऑइलच्या बाटलीतली पातळी उतरली असेल तर ऑइल कुठेतरी गेलंच आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचल. मास्टरचं मागचं सील गेलं की ऑइल पेडलच्या रॉडवरून आत उतरतं आणि गालिचा ते मुकाट्याने पिऊन टाकतो. स्लेव्हचा रबरी बूट उलटून बघ. बऱ्याच गाड्यांत ब्रेकची आणि क्लचची बाटली एकच असते आणि क्लचचं तोंड वरच्या अंगाला असतं, म्हणजे ऑइल उतरलं तरी ब्रेकला शिल्लक राहावं. त्यामुळे नुसते ब्रेक पॅड झिजून पातळी खाली गेली तरी क्लच आधी हवा खाऊ शकतो. तेव्हा पॅडही बघ.

बाहेर सगळं कोरडं आणि दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसतं, तर मास्टरचं आतलं सील ऑइल मागे सोडतंय. दाबल्यावर होज बोटांना फुगल्यासारखा लागला तर होज बाद. होजची आणखी एक लबाडी आहे: तो आतून सुजून बंद होतो. दाबताना ऑइल पुढे जातं, परत येत नाही, आणि क्लच अर्धवट सुटलेलाच राहतो. अशा वेळी स्लेव्हचा निप्पल जरासा सैल कर. फुर्रकन ऑइल येऊन क्लच लगेच पकडला तर आधी होजवर संशय घे. मात्र मास्टरच्या रॉडला थोडी फट नसली तरी हेच होतं, म्हणून ती पाहिल्याशिवाय निकाल देऊ नकोस.

तुमच्या चिपळूणच्या दमट हवेत ब्रेक ऑइल फार वेळ चांगलं राहत नाही, ते पाणी ओढतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर मानकाची हद्द १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. पाइप सायलेन्सरजवळून जात असेल आणि कुंभार्ली घाटात ट्रकमागे हाफ क्लचवर अर्धा तास गेला, की पेडल बसतं. गाडी थंड झाली की परत उठतं, आणि गिऱ्हाइकाला आपण वेडे वाटतो. बाटलीत कुणी इंजिन ऑइल ओतलंय अशी शंका आली तर एक थेंब पाण्यात टाक: ब्रेक ऑइल मिसळतं, इंजिन ऑइल तरंगतं. तरंगलं तर सगळी रबरं बदलायची, त्यात तडजोड नाही.

होज बदलताना आधी जागा धुऊन घे. नट गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑइल मारून ठेव. साध्या पान्याने तो नट गोल होतो, फ्लेअर पानाच लाव. आणि दुसऱ्या पान्याने होज धर, नाहीतर लोखंडी पाइप पिळवटतो. उघडी तोंडं लगेच बंद कर. नवा नट आधी हाताने तीन-चार आटे चढला पाहिजे. तांब्याचे वॉशर नवेच. होजला पीळ नको, सायलेन्सरपासून लांब. पेट्रोलचा पाइप क्लिप मारून बसवणारे महाभाग तुझ्या गावातही असतील, त्यांची संगत नको. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धू.

एअर काढायला घाई करू नकोस. निप्पलला नळी, नळीचं टोक वेगळ्या बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. पोराने दाबून धरायचं, तू निप्पल उघडून बंद करायचा, मग त्याने सोडायचं. पेडल आपण होऊन वर येणार नाही, हाताने उचलायला सांग. वरची बाटली रिकामी होऊ देऊ नकोस, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. तरीही स्पंजासारखं लागलं तर खालच्या निप्पलमधून सिरिंजने सावकाश ऑइल चढव; बुडबुडे वर जायलाच बघतात. तेव्हा वरची बाटली भरून वाहणार नाही याकडे लक्ष ठेव. निघालेलं जुनं ऑइल डब्यात भरून ठेव, मागच्या विहिरीकडच्या गटारात नको.

गिऱ्हाइकाला आजच फोन कर आणि प्लेटचा अंदाज मागे घे. दहा आणि अकराचे फ्लेअर पाने उद्या सकाळच्या एसटीने पार्सल करतो, डेपोतून दुपारी घेऊन ये. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा