दुसऱ्याच्या जमिनीवरचे घर

बेंगळूरूचा इतिहास सांगताना केंपेगौडाने 1537 साली वसविलेली पेठ आणि टिपू सुलतानाचा 1791 साली पूर्ण झालेला लाकडी महाल यांचे वर्णन आवर्जून केले जाते. परंतु या शहराला ज्यांनी धान्य पुरविले, त्या भोवतालच्या खेड्यांतील कुळांची घरे कशी होती, याचा विचार क्वचितच होतो. वास्तविक जमीन कसणारा आणि जमिनीचा धनी यांचे नाते राजवाड्यापेक्षा अशा घरातच अधिक स्पष्टपणे दिसते.

हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरील पठाराचा आहे. वर तांबडी माती आणि तिच्याखाली कठीण खडक. घरालाही हेच साहित्य लागे. दगडी जोत्यावर मळलेल्या मातीचे थर चढवून जाड भिंती उभारीत. खडकातून फोडून काढलेल्या रुंद, पातळ शिळा कोठे कुंपणासाठी उभ्या रोवीत, तर कोठे छपरावर आडव्या टाकीत. एरवी छपरावर कुंभाराने घडविलेली अर्धगोल कौले असत. बासेल मिशनने 1865 साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केल्यानंतर सपाट मंगलोरी कौले हळूहळू सर्वत्र पसरली.

गावातील सधन गौडाचे घर ‘तोट्टी मने’ या प्रकारचे असे. मध्यभागी आकाशाकडे उघडा चौक, भोवती लाकडी खांबांची ओसरी आणि तिच्या पलीकडे खोल्या, अशी ही रचना महाराष्ट्रातील वाड्याची आठवण करून देते. कुळाचे घर याहून फार साधे होते. बाहेर बसण्याउठण्यासाठी ‘जगली’ म्हणजे ओटा, आत एक मोठी खोली आणि स्वयंपाकघर, मागे परसू. पुष्कळ घरांत बैलही त्याच छपराखाली बांधलेले असत. चोरापासून जनावर सुरक्षित राहावे आणि रात्री त्याची देखभाल करता यावी, हा त्यामागील हेतू होय. ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही, त्याचे खरे धन म्हणजे बैलांची जोडी.

मात्र या घराचा सर्वांत महत्त्वाचा भाग भिंतींच्या बाहेर होता. तो म्हणजे ‘कण’, अर्थात खळे. नाचणीची मळणी येथे होई आणि धान्याची राशही येथेच वाटली जाई. फ्रान्सिस बुकानन याने 1800 साली या भागात प्रवास केला, तेव्हाची वाटणी त्याने तपशिलाने नोंदविली आहे. देवस्थान, ज्योतिषी, लोहार, कुंभार, न्हावी, परीट अशा अनेकांचे वाटे राशीतून निघत. सरकारचा हिस्सा वेगळाच असे. खासगी धन्याची जमीन ‘वार’ पद्धतीने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसणाऱ्या कुळाला त्याचाही भाग मोजून द्यावा लागे. उरलेले धान्य मात्र त्याचे स्वतःचे. ते ‘हगेवु’ नावाच्या जमिनीतील पेवात साठवीत. नाचणीला सहसा कीड लागत नाही. म्हणून ती अनेक वर्षे टिकते. अवर्षणाच्या या प्रदेशात पेव हाच कुटुंबाचा आधार होता. परंतु सर्व वाटे दिल्यावर पेवात घालण्याइतके उरले तरच तो उपयोगी पडे. 1876 ते 1878 च्या दुष्काळात म्हैसूर संस्थानाची काय दशा झाली, हे जनगणनेवरून कळते. 1871 साली सुमारे 50 लाख असलेली लोकसंख्या 1881 साली 42 लाखांच्या आसपास आली होती.

जमिनीवरील मधल्या हक्कांची परंपराही जुनी आहे. 1638 साली बेंगळूरू विजापूरकरांनी जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्या काळात देशपांडे, कुलकर्णी ही मराठी मुलखातील वतने येथेही रुजली. सत्ता बदलत गेल्या. पण धनी एक आणि कसणारा दुसरा, ही स्थिती अनेक गावांत कायम राहिली. 1 मार्च 1974 पासून कर्नाटकातील जमीनसुधारणा कायद्याची दुरुस्ती अमलात आली, तेव्हा कुळांकडे असलेल्या जमिनी शासनाकडे आल्या आणि मालकी हक्कासाठी कुळांनी न्यायाधिकरणाकडे अर्ज करावयाचे ठरले. अनेकांचा करार केवळ तोंडी होता. आपण येथेच राहतो आणि हीच जमीन कसतो, हे त्यांना सिद्ध करावे लागले. अशा वेळी शेताच्या बांधावरचे जुने घर, गोठा आणि खळे यांच्याकडे बोट दाखविणे त्यांना शक्य होते.

ज्यांना हक्क मिळाला, त्यांच्या दाराशी लवकरच शहर येऊन पोहोचले. शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. जमीन घरबांधणीच्या भूखंडांच्या भावाने विकली जाऊ लागली आणि मातीचे घर निरुपयोगी ठरले. शेतकरी नसलेल्यांनी शेतजमीन घेण्यावरील निर्बंधही 2020 साली उठविण्यात आले. मातीची भिंत दोन-चार पावसाळे उघडी राहिली की ढासळते. पेव बुजविले की त्याची जागाही ओळखू येत नाही. ही सर्व घरे जतन करणे शक्य नाही. तथापि, जी अद्याप उभी आहेत त्यांची मापे, आराखडे आणि वृद्धांच्या आठवणी नोंदवून ठेवणे शक्य आहे. ते आताच केले पाहिजे. अन्यथा ज्यांनी ही जमीन पिढ्यान् पिढ्या कसली, त्यांच्याविषयी सरकारी दप्तराखेरीज दुसरा पुरावा उरणार नाही.