ठसका थांबला तेव्हा

अण्णांना अर्धांगाचा झटका येऊन ७ महिने झाले होते. घरी उठवणं-बसवणं झेपेना, म्हणून त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवलं. सुरुवातीला पाणी पिताना हमखास ठसका लागायचा. "वर बघा," म्हणत मी पाठ चोळायचे. मग ठसका बंद झाला. मला हायसं वाटलं, केंद्रातल्या मावशींनाही.

पंधरवड्यात ताप, छातीत घरघर आणि न्यूमोनिया. रुग्णालयातल्या स्पीच थेरपिस्टने बेरियम घातलेलं पाणी पाजून एक्स-रेच्या पडद्यावर दाखवलं. पाणी सरळ श्वासनलिकेत उतरत होतं आणि अण्णांचा चेहरा शांत. घशाची जाणीव बोथट झाली की ठसकाही लागत नाही.

म्हणून ठसक्यावर विसंबू नका. जेवल्यावर आवाज ओला, घोगरा येतो का? जेवण तासभर रेंगाळतं का? वजन घटतंय, मधूनच बारीक ताप येतोय का? अण्णांच्या लुळ्या गालात मला संध्याकाळी दुपारच्या भाताची शितं सापडली होती. तेव्हाच थेरपिस्टला बोलवायला हवं होतं.

"वर बघा" तर आधी बंद करा; मान मागे टाकली की श्वासाची वाट उघडी पडते. अण्णांना हनुवटी छातीकडे आणून, जोर लावून गिळायला शिकवलंय, पण हे सगळ्यांनाच चालतं असं नाही, तपासणीनंतरच ठरवावं. पातळ आमटीतला भातही फसवा, कारण घास चावून होण्याआधी पाणी घशात धावतं. पाणी दाट करायला त्यात थिकनर किती घालायचा हे डोळ्यांनी ठरवू नका. थेरपिस्टने दिलेल्या १० मिलीच्या सिरिंजमधून ते १० सेकंद वाहू द्यायचं. ४ ते ८ मिली उरलं तर घट्टपणा २ नंबरचा, अण्णांना लागतो तेवढा.

ताठ बसवा, छोटा चमचा वापरा, जेवल्यावर निदान अर्धा तास आडवं करू नका. आणि दात, जीभ रोज घासा; तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुप्फुसात जातात. केंद्रात पाळ्या बदलतात, रात्रीच्या मामांना दुपारचं काही ठाऊक नसतं, म्हणून हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून मी खाटेच्या डोक्याशी चिकटवलंय.

शेवटच्या घासानंतर मी अण्णांना माझं नाव घ्यायला सांगते. आवाज ओला आला, तर खाकरायला आणि पुन्हा एकदा गिळायला लावते.