मुलाचे ऐकून घेणारा कान

(पालक व शब्बाथ शाळेचे शिक्षक यांच्यासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रभाग : २ शमुवेल १३:१–२२; मत्तय १८:१–१०; इफिस ६:४

पाठाचा उद्देश : मुलांवर होणाऱ्या अत्याचाराचा त्यांच्या वाढीवर काय परिणाम होतो हे समजून घेणे व मंडळीचे कर्तव्य ओळखणे.



दावीद राजाच्या घरातील तामारेची हकीकत आपल्या उपासनेत क्वचितच वाचली जाते. शब्बाथ शाळेच्या पाठांत तर ती नसतेच. परंतु पवित्र शास्त्राने ती झाकून ठेवलेली नाही. तामारेवर अत्याचार करणारा कोणी परका नव्हता. तो तिचा सावत्र भाऊ अम्नोन होता. त्याने आजाराचे ढोंग केले आणि तिला त्याच्याकडे पाठवले ते खुद्द तिच्या बापाने. तिने विनवणी केली, विरोध केला, आणि नंतर डोक्यावर राख टाकून आक्रोश करीत ती बाहेर पडली. तिने काही लपवले नाही. लपवले ते घरच्यांनी. सख्खा भाऊ अबशालोम याने तिला गप्प राहावयास सांगितले, कारण अपराधी भाऊच होता. दावीद संतापला, पण त्याने न्याय केला नाही. तामार भावाच्या घरी उदास होऊन राहिली. दोन वर्षांनी अबशालोमाने अम्नोनाचा वध करविला आणि पुढे तो बापावरच उलटला.

या हकीकतीतून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिला घाव अत्याचार करणारा घालतो. दुसरा घाव ऐकून न घेणारे घालतात.

१. शिस्त आणि अत्याचार

मारहाण, लैंगिक अत्याचार, सततचा अपमान व धमक्या, आणि अन्न, औषधपाणी, माया यांबाबत केलेली हेळसांड, या चारही गोष्टी अत्याचारात मोडतात. मारझोडीच्या समर्थनासाठी आपल्याकडे नीतिसूत्रे १३:२४ हे काठीचे वचन हटकून पुढे केले जाते. ते शास्त्रात आहे, हे नाकारता येत नाही. पण त्याच वचनात प्रीतीही आहे. आणि तेथे काठीसाठी जो इब्री शब्द आहे तोच तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या, धीर देणाऱ्या काठीसाठी आला आहे. रोमी कायद्याने बापाला मुलांवर जवळजवळ अमर्याद अधिकार दिला होता. त्या काळात पौलाने मुलांना चिडीस आणण्यापासून बापांनाच रोखले. ज्या शिक्षेमुळे मूल आपल्याला भिऊन खरे सांगेनासे होते, ती शिस्त राहिलेली नसते.

२. वैद्यकाची दृष्टी

अमेरिकेतील डॉ. हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली एक महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या क्ष-किरण चित्रांत हाडे निरनिराळ्या वेळी मोडल्याच्या खुणा दिसत, तरी आईबाप असे करतील यावर डॉक्टरांचाच विश्वास बसत नसे, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९९८ साली डॉ. फेलिटी व डॉ. अँडा यांनी कॅलिफोर्नियातील हजारो प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. बालपणी अत्याचार व घरातील कलह जितक्या अधिक प्रकारांनी भोगावे लागले, तितके पुढील आयुष्यात नैराश्य, व्यसने आणि हृदयविकारासारखे आजार अधिक आढळले.

याचे कारण असे, की मूल सतत भीतीत राहिले तर त्याचे शरीर सतत सावध राहते. अशा मुलाचे लक्ष धड्यात लागत नाही, झोप मोडते, माणसांवर विश्वास बसत नाही. लहान मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. शाळकरी मूल एकाएकी मुके किंवा भांडखोर होते. किशोरवयातील मूल स्वतःलाच इजा करते किंवा घर सोडून जाते. या खुणा म्हणजे पुरावा नव्हे. पण त्या दिसताच मुलाला ‘खोडकर’ म्हणून मोकळे होऊ नये.

३. कायद्याची दृष्टी

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार भोगल्याचे सांगितले. त्यांत मुलगेही मुलींइतकेच होते. पुष्कळदा अपराधी ओळखीचा होता आणि बहुतेक मुलांनी कोणालाच सांगितले नव्हते. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने अठरा वर्षांखालील मुलगे व मुली दोघांनाही संरक्षण दिले. असा गुन्हा ठाऊक असूनही पोलिसांना न कळवणे हाच त्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून आपण कोणत्याही राज्यात राहत असलो, तरी असे प्रकरण पंच कमिटीत मिटवण्याचा अधिकार आपल्याला नाही, मग अपराधी मंडळीतील कितीही मानाचा सभासद असो. क्षमेची शिकवण पुढे करून मुलाचे तोंड बंद करणे हे तर अबशालोमाचेच काम होय.

४. आशा आहे काय?

होय, आहे. १८७४ साली न्यूयॉर्कमध्ये एट्टा व्हीलर या मेथॉडिस्ट सेविका गरीब वस्तीत घरभेटी करीत असत. मेरी एलन या सुमारे दहा वर्षांच्या मुलीला तिचा सांभाळ करणारी बाई छळते, असे त्यांना कळले. त्यांनी अनेकांचे उंबरठे झिजवले. शेवटी प्राण्यांच्या छळाविरुद्ध संस्था स्थापणारे हेन्री बर्ग यांनी साहाय्य केले व प्रकरण न्यायालयात गेले. मुलीने स्वतः साक्ष दिली. त्या बाईला एक वर्षाची कैद झाली आणि त्याच वर्षी तेथे मुलांच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाली. मेरी एलन व्हीलरबाईंच्या माहेरच्यांकडे वाढली, तिचा संसार झाला, आणि ती ९२ वर्षांची होऊन १९५६ साली वारली.

हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके अभ्यास केला. अतिशय कठीण परिस्थितीतील मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले चांगली, कर्ती माणसे झाली. अशा मुलांना निदान एक तरी मायेचे, भरवशाचे माणूस लाभलेले होते. आजी, शेजारीण, शिक्षिका, असे कोणीही.

५. शिक्षकांनी काय करावे?

मूल सांगू लागले तर हातातले काम ठेवून ऐकावे. खोदून खोदून विचारू नये. त्याची चूक नाही हे त्याला स्पष्ट सांगावे. कोणालाच सांगणार नाही, असे वचन देऊ नये. त्याला आरोपीसमोर उभे करू नये व त्याचे नाव बाहेर फोडू नये. पोलिसांना कळवावे, १०९८ या विनामूल्य बालसाहाय्य क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही मदत मागता येते. तसेच वर्गात नेहमी दोन प्रौढ असावेत व दार उघडे असावे, असा नियम प्रत्येक मंडळीने करावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. तामारेच्या घरातील कोणत्या व्यक्तीने काय करावयास हवे होते?
२. आपल्या मंडळीतील एखाद्या मुलाला काही सांगावयाचे असेल, तर ते कोणाकडे जाईल?
३. जात्याच्या धोंड्याविषयीचा प्रभूचा कडक इशारा (मत्तय १८:६) कोणासाठी आहे?

शिष्यांनी मुलांना अडवले तेव्हा प्रभू शिष्यांवर रागावला, मुलांवर नव्हे. आपल्या मंडळीतील एखादे मूल आज कोणाकडे तरी बोलावयास येत असेल, तर त्याच्या वाटेत आपण उभे नाही ना, हे प्रत्येकाने प्रार्थनापूर्वक तपासून पाहावे.