स्वारीस निघतांना काय घ्यावें ?

सुट्टीच्या दिवशीं रामवाडींतील घरांत डोकावून पाहावें, तर कोणी ना कोणी मुलगा पडद्यापुढें बसून परग्रहावरील शत्रूंशीं झुंजतांना आढळतो. त्यांत पालकांस नवल वाटावें असें एक असतें. लढाई दहा मिनिटांत आटोपते; परंतु तिच्या आधीं कोणतें शस्त्र घ्यावें व कोणतें ठेवावें ह्या विचारांत चिरंजीव अर्धा तास घालवितात. हा वेळ अभ्यासांत घातला असता तर बरें झालें असतें, असें वडील म्हणतात, आणि तें खोटें नाहीं. तथापि तो अर्धा तास अगदींच वायां जातो काय, ह्याचा शोध घ्यावा असें आम्हांस वाटलें. आणि शोध घेतां घेतां आम्ही पडद्यावरून जे निघालों ते थेट आपल्या जिल्ह्यांतील एका खिंडींत येऊन पोंचलों.

लढाईस निघतांना सैनिकानें अंगावर घ्यावयाच्या साजास ह्या खेळांत 'लोडआउट' म्हणतात. आम्ही त्यास स्वारीचा साज म्हणूं. १९९३ सालीं निघालेल्या 'डूम' नांवाच्या खेळांत असा कांहीं विचारच नसे. नायक वाटेंत सांपडेल तें शस्त्र उचली व सगळीं जवळ बाळगी; इतकें ओझें घेऊन मनुष्य धांवतो कसा, हें कोणी विचारीत नसे. २००१ सालीं बंजी ह्या मंडळीनें केलेला 'हेलो' हा खेळ आला. त्यांतील सैनिकाजवळ एका वेळीं बंदुका दोनच, आणि हातगोळे दोन जातींचे, प्रत्येक जातीचे फार तर चार. तिसरी बंदूक आवडली, तर हातांतली एक खालीं ठेवल्यावांचून ती घेतां येत नाहीं. एवढ्या एका नियमानें खेळाचें रूप पालटलें. लांबचा नेम साधणारी बंदूक घेतली आणि शत्रु अंगाशीं येऊन भिडला, तर ती कुचकामाची; जवळच्या माऱ्याची घेतली, तर समोरच्या टेकडीवरचा शत्रु हंसत उभा राहतो. कोणतेंही एक घेणें म्हणजे दुसऱ्या कशास तरी मुकणें, हें मुलास तेथें प्रथम कळूं लागतें.

पुढें ह्या मालिकेंत एक वाद उत्पन्न झाला, व तोच आम्हांस विशेष मनोरंजक वाटतो. २०१० सालच्या 'हेलो रीच' मध्यें खेळाडूंपुढें ठराविक साजांची यादी ठेवण्यांत आली. एका साजांत पाठीवर उडण्याचें यंत्र, दुसऱ्यांत अदृश्य होण्याची सोय, तिसऱ्यांत वेगानें धांवण्याची शक्ति. ज्यास जो रुचेल तो त्यानें घ्यावा. २०१२ सालच्या 'हेलो ४' मध्यें तर खेळाडूनें आपला साज आपणच जुळवावा अशी मोकळीक मिळाली. मात्र त्यांतील पुष्कळ वस्तु पुष्कळ खेळून पायरी चढल्यावरच हातीं येत. म्हणजे जुना खेळाडू भरल्या पेटाऱ्यानिशीं उतरे, आणि नवखा मिळेल तेवढ्यावर. तक्रारी झाल्या. २०१५ च्या पांचव्या खेळांत, जेथें संघ संघाशीं समोरासमोर झुंजतात तेथें, ही मोकळीक काढून घेऊन सर्वांस सारखाच आरंभ देण्यांत आला; आणि २०२१ च्या 'हेलो इन्फिनिट' मध्येंही तशा सामन्यांत सर्वजण सारख्याच शस्त्रांनिशीं उतरतात, व अधिक कांहीं हवें असल्यास तें मैदानांत जाऊन मिळवावें लागतें.

हा वाद वाचतांना आमच्या मनांत एकदम दोन जुने शब्द उभे राहिले : बारगीर आणि शिलेदार. मराठ्यांच्या घोडदळांत बारगीर सरकारी पागेंतील घोड्यावर बसे. घोडा सरकारचा, हत्यारेंही सरकारचीं. शिलेदार आपल्या पदरचा घोडा व आपलीं हत्यारें घेऊन येई. ज्याचें घर भरलेलें त्याचा साज भारी. शिवाजी महाराजांनीं पागेचा जोर अधिक राखिला ह्याचें कारण उघड आहे : घोडा ज्याचा, त्याची मर्जीही सांभाळावी लागते. खेळ रचणाऱ्यांनीं जें दहापांच वर्षांच्या खटपटीनें शोधिलें, तें राजगडावर साडेतीनशें वर्षांपूर्वींच ठाऊक होतें, असें आम्ही म्हणणार नाहीं, कारण एकाचा हेतु करमणूक व दुसऱ्याचा राज्यरक्षण. पण प्रश्न एकच होता खरा.

शिलेदाराच्या बाजूनेंही एक गोष्ट बोलली पाहिजे. हातास सवय नसलेलें उत्तम हत्यार हें वाईट हत्यार होय. आपण शाळेंत ऐकतों ती दावीदाची कथा आठवावी. शौल राजानें गल्याथाशीं लढावयास निघालेल्या त्या पोरास आपला टोप, आपलें चिलखत व आपली तलवार दिली. दावीदानें तीं अंगावर चढवून पाहिलीं, चालतां येईना, म्हणून उतरवून ठेविलीं. आणि ओढ्यांतून पांच गुळगुळीत गोटे वेंचून, गोफण व काठी घेऊन तो पुढें झाला. त्या गोटगोफणीची त्यास मेंढरांमागें फिरतांना सवय झाली होती. राजाचा साज परत करावयास लागणारें धैर्य पुष्कळांस नसतें. एवढें मान्य करूनही, जेथें नवखे व जुने एकत्र खेळतात तेथें सारखा आरंभच न्याय्य, असें आमचें मत आहे.

मराठी फौजेच्या साजाची शिस्त कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत सांगितली आहे, ती मुलांनीं अवश्य वाचावी. पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद असे. म्हणजे पाणी आणि नाल ह्यांची तजवीज तलवारीच्या बरोबरीनें मोजलेली होती. फौजेबरोबर बायका, बटकी व कलावंतिणी नेण्याची सक्त मनाई होती. दसऱ्यानंतर स्वारीस निघतांना लहानथोर प्रत्येकाजवळ काय काय आहे ह्याची याद होई, आणि पावसाळ्यापूर्वीं परत येतांना त्या यादीबरहुकूम झडती. अधिक निघालें तर तें सरकारांत रुजू करावें लागे, नाहीं तर त्याच्या वेतनांत वजा होई. खेळांतील मुलगा निघतांना यादी करतो. परत येतांना ती कोण तपासतो?

आतां ती खिंड. पेणहून खोपोलीस व तेथून पालीच्या वाटेनें गेलें म्हणजे चावणी गांवाजवळ उंबरखिंड लागते. जवळून अंबा नदी वाहते. हीच पुढें नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीस मिळते, म्हणून पेण व रोहें ह्या दोन्ही बाजूंच्या मुलांस ती परकी नाहीं. १६६१ च्या फेब्रुवारींत शाइस्तेखानानें पुण्याहून कारतलबखानास कोंकणांत धाडिलें. बरोबर माहूरची शूर रायबागन होती, मोठें सैन्य होतें, आणि सैन्यास शोभेल असें सामानसुमान होतें. लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या घाटानें हें सर्व खालीं उतरलें. वाट अरुंद, दोहों बाजूंस दाट रान. माणसामागें माणूस, त्यामागें लादलेलीं जनावरें. मागें वळावें तर मागचें ओझें वाट अडवी. महाराजांचे मावळे हलक्या साजाचे; ते रानांत दबा धरून बसले होते. दोन्ही तोंडें अडलीं, वरून मारा सुरू झाला, वारा नाहीं, पाणी नाहीं. अखेर रायबागनीच्या सल्ल्यानें खानानें शरणागति पत्करिली, आणि जवळचें सामान टाकून व खंडणी देऊन जीव वांचविला. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' ह्या संस्कृत काव्यांत हा प्रसंग वर्णिला आहे. खानाजवळ शस्त्रांची उणीव नव्हती. उणीव होती ती तीं फिरवावयास लागणाऱ्या जागेची, व पखालींतील पाण्याची.

ह्यास पुरतीं शंभर वर्षें होतात न होतात तोंच, १४ जानेवारी १७६१ रोजीं, पानिपतावर मराठी फौज उभी होती. तिच्याबरोबर भारी तोफा होत्या, बायकामुलें होतीं, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. रसद तुटली व उपासमार झाली. त्या पराभवाचीं कारणें अनेक आहेत व त्यांवर विद्वान अजून भांडतात. परंतु सभासदाची ती यादी त्या छावणींत कोणी वाचली असती, तर त्यास काय वाटलें असतें, हा विचार मनांतून जात नाहीं.

खेळांत व खिंडींत एक मोठा भेद आहे, तो मुलांस सांगितलाच पाहिजे. पडद्यावर चूक झाली तर सैनिक पडतो, आणि कांहीं क्षणांत नवा साज घेऊन पुन्हा उभा राहतो. दोन बंदुकांचें वजनही त्याच्या खांद्यास जाणवत नाहीं. खांद्यास जाणवतें तें निराळें. शाळेच्या दप्तराचें ओझें मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावें, असें महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं ठरविलें. तें पाळलें जातें कीं नाहीं, हें ज्या त्या घरानें काटा आणून पाहावें.

गेल्या फेब्रुवारींत आम्ही आठवीच्या मुलांस घेऊन उंबरखिंड पाहावयास गेलों. काय घ्यावें हें ज्याचें त्यानें ठरवावें, असें मुद्दाम सांगितलें होतें. ही आमची चूक म्हणा. दुपारीं अकरा वाजतां बहुतेकांचें पाणी संपलें, आणि ज्याच्या खेळांतील साजाची वर्गांत ख्याति होती त्याच मुलास भोंवळ आली. झाडाखालीं निजवून, दुसऱ्यांच्या बाटल्यांतील उरलेलें पाणी पाजल्यावर तो सावरला. खानाचें सैन्य अडलें तें येथेंच, असें त्याच वेळीं आम्ही सांगत होतों. पुढें फारसें सांगावें लागलें नाहीं.

सायंकाळीं रामवाडीस उतरल्यावर त्याच मुलानें आपली पाठपिशवी सर्वांसमक्ष ओट्यावर उपडी केली. तींत बॅटचा रबरी मुठा, दोन विजेऱ्या, तीन विजेचे साठे, पत्त्यांचा जोड, एक जाड चादर व चिवड्याची न उघडलेली पिशवी निघाली. पाण्याची बाटली एक, तीही अर्ध्या शेराची. त्यानें तेथेंच वहींत दोन रकाने पाडले : नेलें आणि लागलें. दुसऱ्या रकान्यांत एकच शब्द आला. पुढल्या सहलीची यादीही त्यानें आतांच करून ठेविली आहे, तिची पहिली ओळ 'पाणी, दोन मोठ्या बाटल्या' अशी आहे. चादरीविषयीं मात्र त्याचा व आईचा वाद अद्याप मिटलेला नाहीं.