व्हिसा नाकारला तर अपील कोणी करावे?

निजामी अमलात सरकारी नोकरीसाठी मुल्की दाखल्याची यातायात करावी लागे, हे वडीलधाऱ्यांकडून अनेकांनी ऐकले असेल. परमुलखात तर आपण सारेच गैरमुल्की! ऑस्ट्रेलियाचा ४९४ क्रमांकाचा व्हिसा पाहा. सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन सोडून इतर भागांत कुशल कामगार मिळावेत म्हणून तो २०१९ साली सुरू झाला; मुदत ५ वर्षांची. त्यात मालकाने जागेसाठी नामांकन करावयाचे आणि उमेदवाराने व्हिसा मागावयाचा, असे दोन वेगळे अर्ज असतात. घोटाळा होतो तो येथेच. नामांकन फेटाळले की त्यामागून व्हिसाही जातो, आणि उमेदवार बिचारा आपल्या कामाचे दाखले गोळा करीत बसतो! वास्तविक नामांकनाबाबत दाद मागण्याचा अधिकार मालकाचा. तो स्वस्थ बसला तर उमेदवाराच्या अपिलात जीव उरत नाही. म्हणून नकाराच्या पत्रात कोणता अर्ज फेटाळला, कोणत्या कारणास्तव, आणि अपील कोणी करावयाचे, हे प्रथम पाहावे. २०२४ पासून अशी प्रकरणे तेथील प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणापुढे चालतात. मुदत सामान्यतः २८ दिवसांची. ती टळल्यावर कोणतीही सबब चालत नाही. तेव्हा मालकास त्याच दिवशी कळवावे, आणि त्याने अपील दाखल केल्याची पोच मागून घ्यावी.